कवीच्या तीन विभक्ती

१

कवीच्या आयुष्याविषयी लिहिताना मराठी समीक्षा बहुधा दोन ठराविक चित्रांपैकी एकाचा आश्रय घेते. पहिल्या चित्रातील कवी स्फूर्तीच्या अधीन असतो. नोकरी, प्रपंच, आजार, बदल्या ही सारी त्या स्फूर्तीच्या वाटेतील विघ्ने ठरतात. दुसऱ्या चित्रातील कवी लोकांसमोर उभा असतो; संग्रहांच्या आवृत्त्या, व्यासपीठ, सत्कार यांनी त्याचे मोजमाप होते, आणि मग त्याच्या लोकप्रियतेमुळे त्याची कविता उणावली की काय, असा संशय घेतला जातो. दोन्ही चित्रांत एक दोष समान आहे. ती कवीविषयी बोलतात. कवितेच्या भाषेत या ओढाताणीचे काय झाले, याविषयी ती फारसे सांगत नाहीत.

हा प्रश्न भाषेच्या बाजूने मांडून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी तीन साधी वाक्ये पुरेशी आहेत: ‘कवीला कविता सुचते’, ‘कवीने कविता प्रसिद्ध केली’ आणि ‘कवीच्या मागे अनेक व्याप लागले’. पहिल्या वाक्यात कवी चतुर्थीत आहे. सुचणे, स्फुरणे, आठवणे, आवडणे या क्रियापदांचा अनुभव घेणारा मराठीत ‘ला’ प्रत्यय घेऊन येतो. क्रिया त्याच्या हातून होत नाही, ती त्याच्यापाशी येते. दुसऱ्या वाक्यात तो तृतीयेत आहे. येथे कृती त्याची आहे, हेतू त्याचा आहे आणि जबाबदारीही त्याचीच आहे. तिसऱ्या वाक्यात तो षष्ठीच्या आधाराने केवळ एक ठिकाण म्हणून उरतो, आणि त्या ठिकाणाच्या मागे कोणीतरी धावत असते.

एवढ्यावरून मराठी भाषकाची काव्यकल्पना व्याकरणाने ठरवून दिली आहे, असा निष्कर्ष काढणे अर्थातच अयोग्य होईल. ‘कविता करणे’, ‘रचणे’, ‘जुळवणे’ असे कर्तृत्वसूचक प्रयोगही मराठीत आहेत. परंतु त्यांतील ‘जुळवणे’ला किंचित उपहासाचा वास येतो, तर ‘सुचली’ म्हटले की कोणाचाच आक्षेप नसतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट सुसंगतीची. पहिल्या वाक्यातील ‘सुचते’ कवितेप्रमाणे चालते. दुसऱ्यातील ‘केली’ कर्मणी प्रयोगामुळे पुन्हा कवितेच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. तिसऱ्यातील ‘लागले’ व्यापांप्रमाणे चालते. तिन्ही वाक्ये कवीविषयी असूनही क्रियापद एकातही कवीच्या ताब्यात नाही. ही निव्वळ व्याकरणातील योगायोगाची बाब मानली, तरी पुढील उदाहरणे वाचताना ती वाटाड्याचे काम करू शकते.

दुसऱ्या वाक्यातील ‘प्रसिद्ध’ हा शब्दही थोडा थांबून पाहावा असा आहे. मराठीत तो छापून आलेल्या मजकुराला लागतो आणि नामवंत माणसालाही लागतो. ‘कविता प्रसिद्ध झाली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्या दोन अर्थांतील अंतर काही कवींच्या बाबतीत काही दिवसांचे, तर काहींच्या बाबतीत काही दशकांचे असते. छापणारा व नावाजला जाणारा या दोघांना एकाच शब्दाने बांधल्यामुळे कविता छापावयास देणे म्हणजेच नावाची हाव धरणे, असा समज सहज बळावतो. या समजाची परीक्षा करण्यासाठी काही कवींची उदाहरणे क्रमाने घेणे इष्ट ठरेल.

२

कृष्णाजी केशव दामले म्हणजेच केशवसुत यांचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. ते मॅट्रिक झाले १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्यानंतर मुंबईतील तुटपुंज्या व अस्थिर नोकऱ्या, मग खानदेशातील फैजपूर, मग धारवाड, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने मृत्यू, असा त्यांचा जीवनक्रम आहे. उपलब्ध कविता सव्वाशेच्या थोड्या वर. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपटे यांनी तो काढला तेव्हा कवीच्या मृत्यूला दशक उलटून गेले होते. तोवर ही कविता नियतकालिकांत विखुरलेली होती. जळगावहून निघणारी ‘काव्यरत्नावली’ हे त्यांतील एक प्रमुख नाव.

या माहितीवरून केशवसुतांना ‘व्यापांनी गांजलेला कवी’ ठरवणे सोपे आहे, आणि ते तसे ठरवलेही गेले आहे. पण कवितांकडे वळले की चित्र बदलते. केशवसुतांच्या अनेक कवितांखाली स्थळ आणि तारीख यांची नोंद आहे. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही १८९३ मधील, मुंबईच्या. ‘आम्ही कोण’ १९०१ मधील, फैजपूरची. स्फूर्तीला काळवेळ नसते, असे मानणाऱ्या युगात हा कवी तिची जागा आणि दिवस नोंदवून ठेवतो. ज्या गावाला त्याला पोटासाठी जावे लागले, त्याच गावाचे नाव तो कवितेच्या पायाशी लिहितो. चतुर्थीतील कवी आणि षष्ठीतील कवी यांची गाठ या नोंदींत पडते.

‘झपूर्झा’चे उदाहरण याहून बोलके आहे. स्फूर्तीच्या परमावस्थेचे, जाणीव व नेणीव यांच्या सीमेवरील अवस्थेचे, एवढे धाडसी वर्णन मराठी कवितेत पूर्वी क्वचितच झाले असेल. परंतु त्या अवस्थेला नाव देण्यासाठी केशवसुतांनी संस्कृत शब्दभांडाराकडे हात पसरला नाही. ‘जा पोरी जा’ हे मुलींच्या खेळातील शब्द भरभर उच्चारले असता जो ध्वनी होतो, त्यातून हा शब्द आला, असे त्याचे स्पष्टीकरण परंपरेने दिले जाते. म्हणजे जेथे अर्थ संपतो त्या अनुभवासाठी घेतलेला शब्द अंगणातून, खेळाच्या गलबल्यातून आला आहे. जो गलबला स्फूर्तीचा शत्रू मानला जातो, त्यानेच येथे स्फूर्तीला नाव पुरवले. ‘सतारीचे बोल’ या कवितेची रचनाही याच अंगाने पाहावी. खिन्न मनुष्य वाटेने जात असतो. कोणाच्या तरी घरातून सतारीचे सूर येतात. प्रथम ते त्याला सहन होत नाहीत, आणि मग हळूहळू तेच त्याच्या मनाची घडी बसवतात. सतार त्याच्यासाठी वाजत नाही. ती त्याच्या विचारात आलेला एक व्यत्यय आहे, आणि संपूर्ण कविता त्या व्यत्ययावर उभी आहे.

तेव्हा केशवसुतांच्या बाबतीत दुबळी होती ती तृतीया. त्यांनी धारण केलेले नावच पाहावे. ‘केशवसुत’ हा षष्ठी तत्पुरुष आहे. स्वतःचे नाव बाजूला ठेवून वडिलांच्या नावाशी असलेला संबंध तेवढा तो सांगतो. छापखान्यापूर्वीच्या मराठी कवितेत नाममुद्रा अभंगाच्या अखेरीस कवितेतच गुंफलेली असे. कविता तोंडोतोंडी गेली तरी नाव तिच्याबरोबर जाई. छापील युगात ती मुद्रा कवितेबाहेर पडली आणि संपादकाच्या हाती गेली. केशवसुतांची कविता टिकली ती संपादकांच्या तृतीयेमुळे. ‘केशवसुतांनी संग्रह काढला’ हे वाक्य कधी लिहिता आले नाही. ‘आपट्यांनी काढला’ असेच लिहावे लागते.

३

केशवसुत फैजपुरात शिकवत होते त्या वर्षांत, तेथून फार दूर नसलेल्या जळगावात बहिणाबाई चौधरी संसार करीत होत्या. त्यांचा जन्म १८८० चा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ‘काव्यरत्नावली’ त्याच गावातून निघत होती. पण तिचे पान आणि बहिणाबाईंचे जाते यांच्यामध्ये अक्षराची भिंत होती.

बहिणाबाईंच्या उदाहरणाने पहिल्या वाक्याचे आणि तिसऱ्या वाक्याचे नातेच उलटे होते. दळण, कांडण, शेतातील पेरणी, मळणी हे त्यांचे व्याप होते, आणि गाणी त्या व्यापांत असतानाच होत होती. ओवी ही कामाच्या गतीला बांधलेली रचना आहे. जात्याचा फेरा आणि श्वास यांच्या मापाने तिचा चरण पडतो. पहिले तीन चरण यमकाने पुढे ओढले जातात आणि चौथ्यावर दम घेतला जातो, हा तिचा सामान्य घाट श्रम करणाऱ्या शरीराला सोयीचा आहे. काम थांबले की छंदही थांबतो. अशा कवितेला ‘फुरसत मिळाली असती तर आणखी बहरली असती’ असे म्हणणे म्हणजे जाते नसते तर पीठ अधिक पडले असते, असे म्हणण्यासारखे होईल.

याचा अर्थ दारिद्र्य आणि कष्ट हे काव्याला उपकारक असतात, असा मात्र करता येणार नाही. वैधव्य, कुटुंबातील आघात आणि जन्मभराचे कष्ट यांना कवितेचे साधन ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. येथे म्हणावयाचे आहे ते मर्यादित आहे: व्याप हा कवितेच्या बाहेरचा अडथळा आहे की तिच्या छंदाचा उगम आहे, हे प्रत्येक कवितेच्या रचनेवरूनच ठरवावे लागते.

बहिणाबाईंच्या बाबतीत तृतीयेचे स्थान पूर्णतः रिकामे होते. गाणी टिपून घेतली ती त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव, आणि एक आप्त यांनी. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये निघाली आणि अल्पावधीत घरोघर पोहोचली. ‘प्रसिद्ध’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे जवळजवळ एकाच वेळी लागू झाले, आणि दोन्ही वेळी कवयित्री हयात नव्हती. जे कोणी टिपले नाही ते गेले. म्हणून लेखनिक, संपादक, प्रकाशक यांच्या कामाला ‘बाजारी’ म्हणून तुच्छ लेखणाऱ्या समीक्षेने या वहीची आठवण ठेवणे बरे.

४

तृतीया प्रबळ झाली की काय होते, याचे उदाहरण काव्यवाचनाच्या परंपरेत सापडते. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने सामूहिक संग्रह काढले, आणि यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाने कविता वाचकाकडून श्रोत्याकडे नेली. त्या काळातील कवींच्या लकबींची थट्टा अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने केली, हे प्रसिद्धच आहे. पुढे १९५० नंतरच्या दशकांत वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र काव्यवाचन करीत गावोगाव प्रवास केला. कवीने स्वतःच्या पायांनी वाचकापर्यंत जाणे, हा पुस्तकप्रसाराचाच एक प्रकार होय.

व्यासपीठाचा कवितेच्या वाक्यरचनेवर परिणाम होतो, यात शंका नाही. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. वाचक लांब वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला क्रियापद येईपर्यंत सारी पदे मनात धरून ठेवावी लागतात. म्हणून मोठ्याने वाचावयाच्या कवितेत वाक्ये आखूड होतात, किंवा क्रियापद पुढे येते, किंवा एकाच साच्याची वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. ध्रुवपद हे या गरजेचे सर्वांत जुने रूप. ही साधने सहज सैल पडतात. सभागृहात टाळी घेणारी पुनरुक्ती कागदावर रिकामी वाटू लागते, हा अनुभव पुष्कळांना आलेला आहे.

तथापि हा परिणाम अपरिहार्यपणे हानिकारकच असतो, हे म्हणणे टिकत नाही. पाडगावकरांची ‘सलाम’ ही कविता घ्यावी. त्याच नावाचा संग्रह १९७८ मधील आहे. ती एका शब्दाच्या पुनरुक्तीवर रचलेली आहे, आणि पुनरुक्ती हे उघडच ऐकवण्याच्या कवितेचे साधन आहे. परंतु येथे भयापोटी सर्वांपुढे झुकणारा मनुष्य बोलतो आहे. त्याच्या तोंडी तो शब्द जितक्या वेळा येतो तितकी त्याची पाठ अधिक वाकते. जी पुनरुक्ती अन्यत्र श्रोत्याच्या सोयीसाठी असते, तीच येथे आशयाची क्रिया बनते. व्यासपीठाची मागणी कवितेने स्वीकारली आणि तिच्याकडून काम करवून घेतले.

करंदीकरांचे उदाहरण दुसऱ्या दिशेने उपयुक्त आहे. गावोगाव काव्यवाचन करणारा हाच कवी ‘मुक्तसुनीत’ व ‘तालचित्र’ असे रचनाप्रयोग करतो, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणतो, आणि उत्तरायुष्यात ‘अष्टदर्शने’मध्ये देकार्तपासून चार्वाकापर्यंतच्या तत्त्वज्ञांची मते अभंगाच्या घाटात मांडतो. श्रोत्यांसमोर उभे राहण्याने त्यांची वैचारिक झेप आखूड झाली, असा पुरावा त्यांच्या लेखनात सापडत नाही. श्रोता समोर असल्याचे भान ठेवणे आणि श्रोत्याच्या अपेक्षेपुढे मान तुकवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद कवीच्या दौऱ्यांच्या यादीवरून कळत नाही. तो वाक्यांत शोधावा लागतो.

५

अरुण कोलटकर यांच्या बाबतीत हा प्रश्न एका विलक्षण रूपात उभा राहतो. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले कोलटकर जाहिरात व्यवसायात चित्रमांडणीचे काम करीत आणि त्या क्षेत्रात त्यांचे नाव मोठे होते. लोकांचे लक्ष कसे वेधावे, हीच त्यांची रोजची विद्या. ती विद्या त्यांनी स्वतःच्या कवितेची विक्री करण्यासाठी वापरली नाही. ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह पुस्तकरूपाने १९७६ मध्ये, कवींनीच चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’ या प्रकाशनातर्फे निघाला आणि त्याला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ‘प्रास प्रकाशन’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढला. यानंतर सव्वीस वर्षे त्यांचे मराठी पुस्तक आले नाही. एवढ्या मोठ्या पारितोषिकानंतर कोणत्याही प्रसिद्धीतज्ज्ञाने याच्या नेमका उलट सल्ला दिला असता.

त्या संग्रहाचे नाव व्याकरणदृष्ट्या नमुनेदार आहे. मराठी प्रथेप्रमाणे तेथे आदरार्थी अनेकवचन अपेक्षित होते. ‘केशवसुतांची’, ‘बहिणाबाईंची’ अशीच नावे आपण वाचतो. येथे मात्र ‘कोलटकरच्या’ असे साधे एकवचन आहे. मित्राने मित्राचा उल्लेख करावा तसा हा उल्लेख आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कवीने आपल्या मानाचा प्रत्यय काढून टाकला, आणि ही कविता कोणत्या भाषिक पातळीवर वाचावी हे त्या एका प्रत्ययाच्या अभावाने सांगून ठेवले.

यावरून कोलटकर तृतीयेपासून दूर पळाले, असे मात्र म्हणता येत नाही. पुस्तकाचा आकार, मुखपृष्ठ, पानावरील ओळींची मांडणी यांवर त्यांची नजर असे. म्हणजे ‘कवीने पुस्तक घडवले’ हे वाक्य त्यांना मान्य होते; ‘कवीने पुस्तक खपवले’ हे नव्हते. ‘प्रसिद्ध’ शब्दाने जे दोन अर्थ एकत्र बांधले आहेत ते त्यांनी आचरणात वेगळे करून दाखवले.

आणि व्याप? मुंबईतील काळा घोडा परिसरातील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात ते वर्षानुवर्षे बसत. खिडकीबाहेरचा चौक, झाडूवाली, कुत्री, कचरा, सकाळी फुटपाथवर इडली खाणारी माणसे यांतूनच ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह झाला. लिहिणाऱ्याने ज्याकडे पाठ करून बसावे असे सामान्यतः सांगितले जाते, त्याच्याकडे तोंड करून हा कवी बसला. येथे विक्षेप हाच विषय झाला आहे. केशवसुतांच्या खिन्न पथिकाला सतार अवचित ऐकू आली. कोलटकरांनी त्या अवचिताची रोजची जागा ठरवून टाकली.

२००३ आणि २००४ या दोन वर्षांत, गंभीर आजारपणात, त्यांची पुस्तके एकापाठोपाठ आली: ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’, आणि इंग्रजीत ‘काळा घोडा पोएम्स’ व ‘सर्पसत्र’. २५ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले; ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा २००५ चा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्या संग्रहातील शोकाकुल स्त्रियांमध्ये नादेज्दा मांडेलश्टाम आहे. तिचा पती, रशियन कवी ओसिप, १९३८ मध्ये बंदिवासात मरण पावला, आणि त्याच्या कविता कागदावर ठेवणे धोक्याचे असल्याने तिने त्या पाठ करून वाचवल्या. छापखाना नाही, व्यासपीठ नाही, नावही उच्चारता येत नाही, अशा स्थितीत कवितेचे ‘प्रकाशन’ एका स्मरणशक्तीत चालू राहिले. ज्या कवीने आपली पुस्तके इतकी वर्षे हातची राखली, त्याने ही व्यक्तिरेखा निवडावी, हे अर्थपूर्ण आहे. कवितेला वाचवणारा हात बहुधा दुसऱ्याचा असतो, ही जाणीव त्या निवडीत आहे.

६

या उदाहरणांतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली ही की स्फूर्ती, प्रसिद्धी आणि व्याप हे कवीच्या वेळेचे तीन स्वतंत्र वाटेकरी नाहीत. बहिणाबाईंच्या ओवीत व्यापाने छंद दिला, ‘सलाम’मध्ये व्यासपीठाने रचनातत्त्व दिले, ‘झपूर्झा’त खेळाच्या गोंगाटाने शब्द दिला. जेथे असे काही मिळाले नाही तेथे व्याप हा केवळ व्याप राहिला, आणि व्यासपीठ केवळ व्यासपीठ. दुसरी गोष्ट ही की तृतीयेतील ‘ने’ फार वेळा कवीच्या नावाला लागतच नाही. तो आपट्यांच्या, सोपानदेवांच्या, एखाद्या निष्ठावंत प्रकाशकाच्या नावाला लागतो. काव्येतिहासात या नावांना तळटीपेत ढकलण्याची रीत बदलली पाहिजे.

आजच्या कवीकडून प्रकाशन समारंभ, मुलाखत, समाजमाध्यमांवरील सततची उपस्थिती यांची अपेक्षा केली जाते. म्हणजे तृतीया आता जवळजवळ सक्तीची झाली आहे. त्याबद्दल हळहळणे किंवा तिचे स्वागत करणे हे समीक्षेचे काम नव्हे. पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावण्यासाठी लिहिलेल्या ओळींत क्रियापद कोठे सरकले आहे, कर्ता किती वेळा अध्याहृत राहतो, आणि ती आखूडता आशयाला उपयोगी पडते की केवळ जागेला, हे तपासणे तिच्या आवाक्यातले आहे. त्याचप्रमाणे केशवसुतांच्या कवितांखालील स्थळकाळाच्या नोंदी आणि त्या त्या वर्षांतील त्यांची शब्दकळा यांची एकत्र मांडणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहे. कवी कोठे बसून लिहीत होता, हे त्यामुळे नुसते चरित्र राहणार नाही. त्याच्या वाक्याला तेथून काय मिळाले, हे सांगता येईल.